सायबोबाची पाठवणी

बुलढाणा जिल्ह्यात सावरटेक नावाची दोन गावं आहेत आणि ती दोन्ही एकाच जागेवर आहेत. वरवट बकालहून जळगाव जामोदकडे जाणाऱ्या एसटीत सावरटेकचं तिकीट मागितलं की कंडक्टरच विचारतो, सरकारी का बंडी? मधून एक नाला जातो. नाल्याच्या अलीकडचं ते सरकारी सावरटेक, पलीकडचं ते बंडी सावरटेक. ग्रामपंचायती दोन, शाळा दोन, मारुती दोन, होळ्या दोन. नाल्याला पाणी पावसाळ्यापुरतं असतं, वैर मात्र बाराही महिने वाहतं.

पंधरा ऑगस्टला तर मौज ऐकण्यासारखी असते. दोन्ही शाळांत झेंडे लागतात, दोन्हीकडे भोंगे असतात, आणि आपला झेंडा आधी वर गेला पाहिजे म्हणून दोन्हीकडचे पुढारी घड्याळाकडे नाही तर नाल्यापलीकडे डोळे लावून उभे असतात. इकडचं राष्ट्रगीत निम्म्यावर येतं तेव्हा तिकडचं सुरू होतं. नाल्याला लागून असलेल्या मधल्या मैदानात उभ्या राहिलेल्या माणसाला त्यातलं एक अक्षर कळत नाही. त्याने सावधान कधी व्हावं आणि विश्राम कधी, हा प्रश्न स्वातंत्र्यापासून सुटलेला नाही.

त्या मधल्या मैदानातच सायबोबा आहे. कमरेइतका उंच उभा दगड, माथ्यावर टोपीच्या काठासारखी कड, आणि अंगावर पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदूर. देव मोठा तऱ्हेवाईक. त्याला पुरणपोळीचा नैवेद्य चालत नाही. साहेबाच्या पोटाला पुरण सोसायचं नाही, असं कुणा शहाण्या पूर्वजाने ठरवलं, म्हणून त्याच्यापुढे बिस्किटं ठेवतात. त्याला हात जोडायचे नाहीत. उजवा हात कपाळाला लावून सलाम ठोकायचा. आणि हा सलाम आधी कोणी ठोकायचा, तर तो मान भगवानराव पाटलांचा.

पाटीलकी कायद्याने कधीच गेली होती. पण कायदा गेला म्हणून गावाची जीभ थोडीच बदलते. सत्तरी ओलांडलेल्या भगवानरावांना सगळं सरकारी सावरटेक पाटीलच म्हणत होतं आणि भगवानरावही त्या शब्दाला ओ देत होते. घरात चालत आलेली गोष्ट त्यांना तोंडपाठ होती. वऱ्हाड नुकतं इंग्रजाच्या हाती गेलं होतं. एक साहेब तंबू घेऊन सावरटेकला आला. त्याने भगवानरावांच्या खापरपणज्याची इमानदारी पाहिली, खूश झाला आणि जाताना हा दगड रोवून गावाचे दोन भाग करून गेला. इमानदारांचं ते सरकारी, बाकीच्यांचं ते बंडी. पोळ्याला आधी सरकारीचा बैल तोरणाखालून जाईल, मग बंडीचे, असा हुकूमही तोच करून गेला. इंग्रज गेला, देश एक झाला, पण त्याने रोवलेला दगड आणि त्याचा हुकूम दोन्ही जागच्या जागी राहिले. उलट दगडाला बढती मिळाली आणि तो देव झाला.

बंडीवाले हीच गोष्ट उलटी सांगत. पाटलाच्या खापरपणज्याने साहेबाकडे चुगली केली, म्हणून आपल्या कपाळी बंडखोराचा शिक्का बसला, असं त्यांचं म्हणणं. दगडाला ते शिव्या घालत, त्याच्या दिशेने थुंकत, पण त्याला हात लावायची छाती त्यांचीही नव्हती. शेंदूर लागलेला दगड, न जाणो कोपला तर.

अशी ही दोन्ही गावं सुखाने भांडत होती, आणि यंदा त्यांच्या शाळांवर गदा आली.

दोन्ही शाळांत मिळून हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी पोरं उरली होती. सरकारी सावरटेकच्या शाळेतल्या शारदा मॅडम जळगाव जामोदहून स्कूटीवर येत. त्यांनी श्रावणात ग्रामसभा बोलवायला लावली आणि सरळ सांगून टाकलं. दोन्ही गावांनी मिळून एक शाळा करायची, नाहीतर दोन्ही बंद होणार आणि पोरं एसटीने वरवटला जाणार. पोळ्यानंतरच्या आठवड्यात दोन्ही ग्रामपंचायतींचा ठराव तालुक्याला पोचला पाहिजे. आता शाळा बांधायची कुठे? इकडे बांधली तर तिकडचे लोक पोरं पाठवणार नाहीत, तिकडे बांधली तर इकडचे. दोघांना चालेल अशी जागा एकच, मधलं मैदान. आणि मैदानाच्या बरोबर मधोमध सायबोबा.

सगळ्यांच्या माना भगवानरावांकडे वळल्या. देव हलवायचा तर मानकऱ्यानेच हलवायचा, दुसऱ्या कुणाचा हात चालत नाही. भगवानराव उठले, फेट्याचा शेव मागे टाकला आणि म्हणाले, "माह्या जित्तेपनी सायबोबा हलनार नाई." एवढं बोलून ते घरी आले. सभा तिथेच बसून राहिली.

घरी मात्र दुसरी सभा वाट पाहत होती. वच्छलाबाई म्हणजे भगवानरावांची बायको, हिवरा आश्रमाकडची. लग्न होऊन आली त्या दिवशी तिला सायबोबापुढे उभं करून सलाम ठोकायला सांगितला, तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली होती. तेव्हापासून तिने या देवाला सोडलं नव्हतं. देव इंग्रजी आहे तर छकुलीचं इंग्रजीचं पुस्तक त्याच्यापुढे ठेवा, तोच शिकवेल, शाळा कशाला हवी, असं ती म्हणाली. छकुली ही त्यांची नात, दुसरीत जाणारी. तिचे आईबाप पहाटेच शेतावर जात, आणि एवढीशी पोर एसटीच्या गर्दीत वरवटला जाणार, हे वच्छलाबाईला मुळीच मंजूर नव्हतं.

भगवानराव चिडले. "मान गेला तं मांगं काय राह्यते वं? नुसता म्हातारा राह्यते."

मग वच्छलाबाईचं हसणं थांबलं. "सायबानं देल्ला तो मान," ती म्हणाली. "आता पंधरा ऑगस्टले तुमी झेंड्याले सलाम केला. अन् पोयाले त्याच हातानं त्या गोट्याले करता. माह्या माहेरी आश्रमात हजारो मानसं एका पंगतीले बसतात, कोनी कोनाले इचारत नाई तू कोन्या काठचा. अन् इथं एवढुशा नाल्याचे तुमी दोन देश करून ठेवले."

भगवानराव उठून गोठ्यात गेले. बायकोचं म्हणणं पटलं म्हणून नाही, तर सलामाची गोष्ट त्यांनाही कधी कधी खुपायची म्हणून. झेंड्यापुढे उभं राहिलं की त्यांचे डोळे भरून यायचे. सायबोबापुढे कधी भरले नव्हते. पण मान तो मान. बापाने दिला, आज्याने दिला, तो आपण कसा टाकायचा? शाळेसाठी त्यांचा जीव तुटत होता आणि मानासाठीही तुटत होता, आणि एकच जीव दोन्हीकडे ओढला जात होता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी झाली. भगवानरावांकडे आता बैलांची एकच जोडी उरली होती, बाकी काम ट्रॅक्टर करत होता. पण त्या जोडीचा थाट राजाचा. त्यांनी हौश्याच्या आणि गबऱ्याच्या खांद्यांना लोणी-हळद चोळली, आणि दरवर्षीसारखं हात जोडून उद्याच्या जेवणाचं आवतण दिलं. वर्षभर जू वाहून खांद्याला घट्टा पडलेला असतो. पोळ्याच्या दिवशी त्या खांद्यावर जू ठेवायचं नाही, हा वऱ्हाडातल्या शेतकऱ्याचा धर्म. घरात मयत झाली तरी त्या दिवशी गाडी जुंपत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपार कलली आणि नाल्याच्या दोन्ही काठांवर दोन तोरणं ताणली गेली. मध्ये पोलिसांची जीप. ठाणेदार नवा होता आणि वैतागलेला होता. गेल्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्हीकडची डोकी फुटली होती. त्याचंही कारण ऐकण्यासारखं आहे. त्या दिवशी पहाटे आमच्याकडे मारबत निघते. घराघरातली रोगराई, ईडापीडा सगळी गोळा करायची, आरोळ्या देत शिवेपर्यंत न्यायची आणि बाहेर फेकून यायचं. सरकारीची शीव सायबोबापाशी आणि बंडीचीही शीव सायबोबापाशी. तेव्हा इकडची ईडापीडा तिकडे फेकली जायची आणि तिकडची इकडे. दरवर्षी दोन्ही गावं आपली रोगराई एकमेकांच्या अंगणात टाकून मोठ्या समाधानाने घरी जायची.

म्हणून यंदा आदल्या दिवशीच डोकी तापू नयेत यासाठी ठाणेदाराने हुकूम काढला होता, भोंगा नाही, बँजो नाही, डफडं नाही. एकाही वाद्याचा आवाज आला तर दोन्ही तोरणं उतरवणार. लोक कुरकुरले. कारण वाद्यांचं इथे खास काम होतं.

पोळ्याला आमच्याकडे झडत्या म्हणतात. एकाने तोरणाखाली उभं राहून सवाल टाकायचा, दुसऱ्याने तसाच जोडून जबाब द्यायचा, आणि लोकांनी महादेवाच्या नावाने आरोळी ठोकायची. पण दुसऱ्या काठची झडती कानावर पडली तर बैल लंगडा होतो, असा या दोन्ही गावांचा पक्का समज होता. तेव्हा तिकडे कोणी तोंड उघडलं की इकडे डफडी बडवायची आणि इकडे उघडलं की तिकडे. आज्या-पणज्यांच्या काळापासून ही गावं एकमेकांच्या समोर उभी राहून गात होती, आणि कुणी कुणाचं अक्षर ऐकलं नव्हतं.

हौश्याच्या डोक्याला मानाचं मखर बांधून भगवानराव तोरणाखाली आले. तोरण तुटण्याआधीची शेवटची झडती मानकऱ्याची. ती त्यांच्या घरची, बाकी कुणी म्हणायची नाही. त्यांनी घसा खाकरला. डफडं नसल्यामुळे आपलाच आवाज त्यांना परका वाटला.

"तंबू उठला सायबाचा, वझं झालं फार,
पोयाच्या दिशी मांगते बैल, उभा घेऊन हत्यार,
सांग पाटला, कोनाच्या खांदी आज जू ठेवनार?"

झडती इथेच संपत असे. सवाल होता, जबाब नव्हता. खापरपणज्याने यावर काही न बोलता साहेबाला सलाम ठोकला आणि आपले बैल दिले, असा अर्थ घरात लावलेला होता. म्हणून सवाल संपला की मानकऱ्याने सायबोबाकडे वळायचं आणि हात कपाळाला न्यायचा. सणाच्या दिवशी बैल जुंपू देणारा आपला पूर्वज, ही गोष्ट भगवानरावांच्या घशात दरवर्षी काट्यासारखी अडकायची. दरवर्षी ते तो काटा गिळायचे.

आजही ते वळले. हात अर्धा वर गेला. आणि नाल्यापलीकडून निवृत्तीचा आवाज आला.

निवृत्ती हा बंडी सावरटेकचा झडतीवाला. भगवानरावांच्याच वयाचा, पोरपणी नाल्यात दोघांनी एकमेकांना गोटे मारलेले. त्याचीही शेवटची झडती ठरलेली, वेळही हीच. त्याने सवयीने डोळे मिटले होते. वाद्यं नाहीत, समोरचे ऐकताहेत, याचं भान त्याला नव्हतं.

"लोन्यानं मयला खांदा त्याचा, आज तो घरचा सरदार,
जू ठेवीन त्याच्यावर तं माही पाटीलकी जयनार,
जाय म्हना सायबाले, तुयं वझं तूच वाहनार."

दोन्ही काठांवर बैलांच्या गळ्यातले घुंगरू तेवढे वाजत राहिले.

भगवानरावांचा हात अर्ध्यावरच थांबला होता. आपण आयुष्यभर एक सवाल टाकत होतो, आपल्या बापाने टाकला, आज्याने टाकला, आणि त्याचा जबाब नाल्यापलीकडे पडून होता. चाल तीच, यमक तेच. पण नुसतं यमक जुळलं म्हणून काय झालं, असं त्यांच्या मनात आलं. खात्री करायला त्यांनी रिवाज मोडला. सायबोबाकडे पाठ केली, तोंड नाल्याकडे केलं आणि तोच सवाल पुन्हा टाकला, पहिल्यापेक्षा मोठ्याने.

निवृत्तीने डोळे उघडले. आजूबाजूला पाहिलं. मग त्यानेही, थोडा चाचरत, तोच जबाब पुन्हा दिला. सवाल नाल्यावरून गेला आणि जबाब नाल्यावरून आला, आणि तिसऱ्या ओळीला दोन्हीकडच्या माणसांनी नकळत एकदम आरोळी ठोकली.

भगवानराव बैलाची वेसण धरून नाल्याच्या काठाशी आले. ठाणेदार जीपमधून खाली उतरला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"निवृत्ती," ते म्हणाले, "माही पाटीलकी जयनार, हे कोन बोलून राह्यलं? तुमच्यात तं पाटील कधी नोताच."

"नोता ना," निवृत्ती म्हणाला. "हे तुमच्याच खापरपंज्याचं बोलनं हाये. आमच्या बुढ्यायनं ऐकलं, ते आमी मनतो. फितूर मानसाच्या तोंडी कशी बढाई शोभते, मनून आमी हासतो त्याले." बोलता बोलता तोच थांबला. "पन भगवानराव, तुमी जो सवाल टाकता, तो कोनाचा? तुमचा मानूस सोताले 'सांग पाटला' काऊन मनीन?"

मग दोघांनाही कळलं, आणि ते कळलेलं दोघांच्या तोंडावर एकदमच दिसलं. सवाल बंडीच्या माणसाने टाकला होता आणि जबाब सरकारीच्या पाटलाने दिला होता. ज्याने जे ऐकलं ते त्याने जपून ठेवलं होतं. त्या दिवशी गाव एकच होतं, तोरण एकच होतं. साहेबाने सणाच्या दिवशी बैल मागितले आणि सगळ्या गावाच्या देखत पाटलाने त्याला सांगितलं की आपलं ओझं आपणच उचल.

भगवानरावांना वाटलं, आपण आत्ताच जन्माला आलो. सलाम ठोकून, बैल जुंपून मिळवलेली पाटीलकी नव्हती ती. पाटीलकी जळाली तरी चालेल, पण बैलाच्या खांद्यावर जू ठेवणार नाही, असं म्हणणारा माणूस त्यांच्या घरात होऊन गेला होता. घशातला इतक्या वर्षांचा काटा सुटला आणि ते भर नाल्याकाठी, मखर बांधलेल्या बैलाच्या मानेला धरून रडले. कोणाला लाज वाटली नाही.

"मंग सायबानं दगड काऊन रोवला असंन?" मागून कोणीतरी विचारलं.

उत्तर भगवानरावांनीच दिलं, डोळे पुसत. "एका गावानं नाई मनलं, मनून त्यानं गावच एक ठेवलं नाई. आमाले सांगतलं तुमी इमानदार, तुमाले सांगतलं हे फितूर. माहा बुढा नाई मनला त्याची गोठ पुसाले त्यानं त्याले मान देल्ला. अन् आमी तो मान डोक्यावर घेऊन नाचून राह्यलो."

फोडा आणि झोडा हे शाळेच्या पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं होतं. परीक्षेत पाच ओळींत लिहिलेलंही होतं. ते पुस्तक आपल्याच मैदानात रोवलेलं आहे आणि आपण त्याला बिस्किटं चारतो, हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

भगवानरावांनी सायबोबाला सलाम केला नाही. त्यांनी हौश्याला नाल्यात उतरवलं. गुडघाभर पाण्यातून मखर सांभाळत तो मानाचा बैल पलीकडे गेला आणि निवृत्तीच्या बैलाशेजारी उभा राहिला. आधी कोण, असं निवृत्तीने विचारलं. तोरण रुंद आहे, भगवानराव म्हणाले. दोन्ही बैल एकदम गेले. ठाणेदाराने टोपी काढून कपाळ पुसलं आणि जीपमध्ये जाऊन बसला.

घरी वच्छलाबाई दारात ओवाळायला उभी होती. हौश्याला यायला उशीर का झाला, असं ती विचारणार होती. पण खबर हौश्याच्या आधीच पोचली होती. तिने बैलाचे पाय धुतले, पुरणपोळी खाऊ घातली, आणि मग हळूच विचारलं, "आता सायबोबाचं काय करता?" देवाला हात लावला तर तो कोपेल, ही भीती तिला नव्हती, पण गावाला होती. भगवानरावांनाही थोडी होती. इतक्या वर्षांचा शेंदूर, तो काही एका सांजेत उतरत नाही.

"पाव्हना बोलावता येते, तं पाव्हना बोळवताही येते," ते म्हणाले. "बिस्किटाचा पुडा काढून ठेव."

दुसऱ्या दिवशी उजाडताना मारबत निघाली. सरकारीतून एक आणि बंडीतून एक. दारांवर खोचलेले पळसाच्या फांद्यांचे मेढे उपटून, ईडापीडा, रोगराई, खोकला-पडसं घेऊन जा गे मारबत, अशा आरोळ्या देत दोन्ही घोळके शिवेकडे आले. शीव म्हणजे सायबोबा. तिथे पोचल्यावर दोन्ही घोळके थांबले. आता फेकायचं कुठे? पलीकडे तर आपलेच लोक उभे.

भगवानराव पुढे झाले. त्यांनी दगडापुढे बिस्किटं ठेवली. हात जोडले नाहीत आणि सलामही केला नाही. पाहुण्याला निरोप देताना बोलतात तसं साध्या आवाजात बोलले, "सायबा, लय दिवस राह्यला. खाल्लं-पेल्लं, पूजा करून घेतली. आता तुयं वझं घे, अन् जाय." मग त्यांनी पहार उचलली आणि दगडाच्या बुडाशी पहिला घाव घातला. काही कोसळलं नाही. आभाळ जागच्या जागी राहिलं. दुसरी पहार निवृत्तीने घातली.

आणि मग जी झुंबड उडाली ती काय सांगावी. कालपर्यंत ज्या दगडाला हात लावायला कोणी धजत नव्हतं, त्याला हात लावायला जागा मिळेना. जाड दोरांचे सोल बांधले गेले. कोणी गाडी जुंपू का म्हणून विचारलं. भगवानरावांनी ताडकन नाही म्हटलं. याच्यासाठी बैल तेव्हा दिला नाही, तो आता देणार नाही. माणसांनीच ओढायचं. एका सोलावर सरकारी आणि दुसऱ्यावर बंडी असं सुरुवातीला होतं, पण वळणावर दोन्ही घोळके मिसळले आणि कोण कुठला ते राहिलंच नाही. ठाणेदाराचा हुकूम पोळ्याच्या दिवसापुरता होता, हे कोणाला तरी आठवलं आणि दोन्हीकडची डफडी बाहेर आली. सगळी एका तालात वाजू लागली. बायका अंगणातून घरचा केर आणून दगडावर टाकत होत्या. साथ घेऊन जा, दारू घेऊन जा, भांडण घेऊन जा गे मारबत. वच्छलाबाईने सुपातला केर टाकला आणि म्हणाली, सलाम घेऊन जा गे मारबत. दोन्ही गावांच्या बाहेर, दोघांचीही शिवारं संपतात तिथे नदीच्या डोहात दगड गेला. शेंदराचा थोडा वेळ पाण्यावर रंग दिसला, मग तोही गेला.

परत येताना लोक मैदानात थांबले. दगड उपटला होता तिथे खड्डा उघडा पडला होता. खड्डा साधा नव्हता. आतून दगडांनी गोल बांधून काढलेला, आणि तळाशी कुजलेल्या लाकडाचा बुंधा. पोळ्याच्या तोरणाचा खांब रोवायला जुन्या गावांत असाच बांधीव खड्डा असतो, हे तिथल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक होतं. साहेबाने दगड रोवायला नवा खड्डा खणला नव्हता. गावाचं तोरण उपटून त्याच जागी आपला दगड घातला होता. भगवानराव खड्ड्याशी बसले आणि आतल्या बांधकामावरून हात फिरवत राहिले.

ठराव वेळेत तालुक्याला पोचला. शाळेच्या भिंती अजून छातीइतक्याच झाल्या होत्या, पण सव्वीस जानेवारीला दोन्ही गावांतली पोरं मैदानात एका रांगेत उभी राहिली. झेंड्याचा खांब कुठे रोवायचा, याच्यावर शारदा मॅडमना चर्चा करावी लागली नाही. खड्डा तयारच होता.

दोरी ओढायचा मान भगवानरावांना दिला. त्यांनी दोरी हातात घेतली, आणि गर्दीतून निवृत्तीला बोलावून दोरीचं दुसरं टोक त्याच्या हातात दिलं. वर झेंडा उलगडला, आणि पोरांनी राष्ट्रगीत सुरू केलं. भोंगा एकच होता. रांगेच्या टोकाला छकुली बेंबीच्या देठापासून गात होती. नाल्यापलीकडून मागाहून येणाऱ्या दुसऱ्या आवाजाची भगवानरावांचे कान सवयीने वाट पाहत राहिले. तो आला नाही. सत्तरीच्या पुढे गेलेल्या त्या माणसाने राष्ट्रगीत पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत आयुष्यात पहिल्यांदा नीट ऐकलं. त्यांचा उजवा हात कपाळाशी होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

कार्यक्रम संपल्यावर वच्छलाबाई पिशवी घेऊन आली. सायबोबासाठी घरात भरून ठेवलेले बिस्किटांचे पुडे त्यात होते. "याचं काय करू?" तिने विचारलं.

"पोरायले वाट," भगवानराव म्हणाले. "दोन्ही काठच्या."

"दोन्ही कायचे?" वच्छलाबाई म्हणाली. "गाव तं एकच हाये." आणि ती पुडे फोडत रांगेकडे गेली.